या एलियनचे नातेवाईक कुठायत? विज्ञानकथेतले परग्रहवासी आणि जीवशास्त्र

गांधीलमाशी (धागाकर्ती):

विज्ञानकथेतल्या एलियनवर टीका करायची म्हटलं की लोक पहिला मुद्दा हाच काढतात, हा तर माणसासारखाच दिसतो, दोन हात दोन पाय, कपाळावर रबराच्या चार वळ्या चिकटवल्या की झाला परग्रहवासी. मुद्दा खोटा नाही पण मला त्याहून मोठी अडचण वेगळीच वाटते. याचे नातेवाईक कुठायत? कोणापासून झाला हा? त्या ग्रहावर याचा चुलतभाऊ कोण, याला खातं कोण, याच्या अंगावर गोचिडी कसल्या होतात?

पृथ्वीवरचा कुठलाही प्राणी घ्या, त्याची वंशावळ त्याच्या अंगावरच वाचता येते. माणसाचा हात, घोड्याचा पुढचा पाय, वटवाघळाचा पंख, देवमाशाचं वल्हं, सगळीकडे आधी एक हाड, मग दोन, मग बारीक हाडांचा झुपका आणि पुढे बोटं. हा नकाशा साधारण साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीच्या टिक्टालिकसारख्या माशांपासून चालत आलाय. आणि पाच बोटं हाही काही निसर्गाचा नियम नाही, अकँथोस्टेगा नावाच्या सुरुवातीच्या चतुष्पादाला आठ होती, इक्थिओस्टेगाच्या मागच्या पायाला सात. ज्या वंशात पाचावर येऊन थांबलं तोच पुढे टिकला, आपण त्याचे वारस, म्हणून आपण दहापर्यंत मोजतो.

आता 'अवतार' (२००९) घ्या. मुद्दाम हा सिनेमा घेतेय कारण त्यात बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त मेहनत केलीय. पँडोरा या परक्या जगावर अख्खं जंगल आहे, बहुतेक मोठ्या प्राण्यांना सहा अवयव, बऱ्याच जणांना चार डोळे, घोड्यासारख्या प्राण्याची श्वासाची छिद्रं मानेच्या बुडाशी. म्हणजे वंश आहे, त्याच्या खुणा आहेत, बघताना जीव हरखतो. आणि मग नावी येतात, म्हणजे तिथली निळी माणसं. चार अवयव, दोन डोळे, नाकाच्या जागी नाक. ज्यांची गोष्ट आहे तेच नेमके त्या जगाचे वाटत नाहीत! करणाऱ्यांना हे कळत होतं हे नक्की, कारण झाडावर एक माकडासारखा प्राणी ओझरता दिसतो, त्याचे प्रत्येक बाजूचे दोन हात कोपरापर्यंत एकमेकांना जुळलेत, म्हणजे सहाचे चार होत आलेत. पण तेवढी झलक दाखवली आणि विषय सोडून दिला.

सहाचे चार होतच नाहीत असं मी म्हणत नाहीये. माझं कामच कीटकांचं आहे, मी रोज बघते. रुईवर येणारं प्लेन टायगर फुलपाखरू बसलेलं असताना जवळ जाऊन बघा, चारच पाय टेकलेले दिसतील. पुढची जोडी इतकी आखडलीय की छातीशी दुमडलेली असते, चालायला तिचा काही उपयोग नाही, पण मादी अंडी घालायच्या आधी त्याच आखूड पायांनी पानावर टकटक करून पान चाखते, हेच झाड आपल्या अळ्यांच्या कामाचं आहे ना ते बघायला. या कुळात सहा हजारांच्या आसपास जाती आहेत आणि सगळीकडे साधारण हीच तऱ्हा. अवयव गेला तरी खूण ठेवून जातो. अजगराच्या शेपटीच्या सुरुवातीला मागच्या पायांच्या नख्या असतात, देवमाशाच्या पोटात कंबरेची हाडं असतात. नावींच्या खांद्याखाली अशी एखादी जुनी गाठ दाखवली असती तर मी गप्प बसले असते.

तर माझं म्हणणं एवढंच, एलियन कितीही विचित्र असू दे किंवा कितीही माणसासारखा असू दे, त्याच्यामागे वंश दिसायला हवा. तुम्हाला काय वाटतं ते लिहा, आणि उदाहरणं देऊन लिहा.

*

रात्रपाळी:

मला हे पटत नाही आणि का पटत नाही ते सविस्तर सांगतो. गोष्ट माणसं वाचतात. माणसाचं मूल जन्मल्यापासून चेहरा शोधतं, दोन डोळे आणि खाली तोंड दिसलं की त्याला कोणीतरी आपलं वाटतं, हे आपल्या मेंदूतच आहे. नावींना चार डोळे आणि मानेत नाकपुड्या दिल्या असत्या तर त्यांचं राहतं झाड पडताना थिएटरात लोकांच्या डोळ्यात पाणी आलं असतं का? माझ्या तरी आलं नसतं. जीवशास्त्र बरोबर आणि गोष्ट मेलेली, असल्या कथा मी भरपूर वाचल्यात, त्यात तीन पानं ग्रहाचं वातावरण असतं आणि नंतर पात्रांचं काय झालं याच्याशी आपल्याला काही देणंघेणं उरत नाही. विज्ञानकथेत आधी कथा आली पाहिजे, विज्ञान तिच्या पाठीमागून आलं तरी चालेल.

आणि तुम्ही ज्याला चूक म्हणताय तो निर्णय आहे. माहीत असून, प्रेक्षकासाठी घेतलेला निर्णय. त्याला अज्ञानाच्या रांगेत बसवणं अन्यायाचं आहे.

*

गांधीलमाशी:

@रात्रपाळी, निर्णय आहे हे मी धाग्यातच म्हटलंय. पण चेहरा आणि वंश यांत भांडण आहे असं कोणी सांगितलं? दोन मोठे डोळे ठेवा की, फक्त वरच्या बाजूला मिटून गेलेल्या दुसऱ्या जोडीचे दोन खळगे ठेवा. प्रेक्षक रडेलच आणि माझ्यासारखी बाई दुप्पट रडेल, कारण तिला ते जनावर खरं वाटेल.

*

चौथी_मिती:

धागा आवडला पण मूळ गृहीतकालाच माझा विरोध आहे. तुम्ही वंशाला फार वजन देताय आणि भौतिकशास्त्राला फार कमी.

पाण्यात वेगाने पोहायचं तर अंग दोन्ही टोकांना निमुळतं लागतं, दुसरा मार्ग नाही. म्हणून शार्क मासा, इक्थिओसॉर सरपटणारा आणि डॉल्फिन सस्तन, तिघांचे पूर्वज वेगळे आणि आकार एकच. उडणं चार वेळा स्वतंत्रपणे आलं, कीटक, टेरोसॉर (उडणारे सरपटणारे प्राणी), पक्षी आणि वटवाघूळ. डोळा तर निदान चाळीस वेळा वेगवेगळा उगवला असा अंदाज आहे. भिंग आणि मागे पडदा असा कॅमेऱ्यासारखा डोळा आपल्यालाही आहे आणि ऑक्टोपसलाही, आणि त्याचा आपल्यापेक्षा नीट जोडलेला आहे कारण त्याच्या नसा पडद्याच्या मागून निघतात, त्याला आपल्यासारखा आंधळा ठिपका नाही. टास्मानियाचा थायलसिन, शेवटचा १९३६ मध्ये होबार्टच्या प्राणीसंग्रहालयात मेला, तो कांगारूच्या बाजूचा पिशवीवाला प्राणी, पण कवटी लांडग्याच्या कवटीशेजारी ठेवली तर विद्यार्थी हमखास गोंधळतात. सायमन कॉनवे मॉरिस हा केंब्रिजचा पुराजीवशास्त्रज्ञ हेच म्हणतो, की चालणाऱ्या वाटा थोड्याच आहेत आणि उत्क्रांती फिरून फिरून त्याच वाटांवर येते.

आता तंत्रज्ञान असणारा प्राणी म्हणा. त्याला पकडायला मोकळा अवयव लागणार. धातू वितळवायला आग लागणार, म्हणजे तो जमिनीवर असणार आणि हवेत ऑक्सिजन असणार. चालतो म्हणजे त्याला पुढची बाजू असणार, ज्या दिशेला जायचं त्या दिशेला डोळे असणार, आणि डोळ्यांपासून मेंदूपर्यंत निरोप लवकर पोचावा म्हणून मेंदू तिथेच असणार. म्हणजे डोकं आलं. ऑक्टोपसला पन्नास कोटी न्यूरॉन (चेतापेशी) आहेत, बरण्या उघडतो, कोडी सोडवतो, पण पाण्यात राहतो आणि एक-दोन वर्षांत मरतो, आई अंडी सांभाळता सांभाळता संपते, पिल्लाला शिकवायला कोणी उरत नाही. त्यामुळे अंतराळयान बांधणारा जो कोणी असेल तो ढोबळमानाने आपल्यासारखाच दिसेल असं म्हणण्यात मला काहीच अवैज्ञानिक वाटत नाही.

*

गांधीलमाशी:

तुमच्या पहिल्याच उदाहरणाकडे जरा नीट बघा. शार्क आणि इक्थिओसॉरची शेपटी उभी असते, डावी-उजवी हलते. डॉल्फिनची आडवी असते, वर-खाली हलते. का? कारण डॉल्फिनचे पूर्वज जमिनीवर धावणारे सस्तन होते आणि धावताना सस्तनाचा कणा वर-खाली वाकतो. पाण्यात जाऊन पाच कोटी वर्षं झाली, अंग माशासारखं झालं, पण पोहतो अजून धावल्यासारखा. आकार भौतिकशास्त्राने दिला हे मान्यच, पण शेपटीने वंश सांगितलाच ना. मला एलियनमध्ये हेच हवंय!

डोळ्याचंही तसंच आहे. ऑक्टोपस आणि आपण, दोघांच्या डोळ्यामागे पॅक्स-६ जनुकाचं तेच घराणं आहे. १९९५ मध्ये वॉल्टर गेहरिंगच्या प्रयोगशाळेत उंदराचं हे जनुक फळमाशीत भलत्या ठिकाणी चालू केलं तर माशीच्या पायावर डोळा उगवला, आणि तोही माशीचाच, अनेक भिंगांचा. म्हणजे चाळीस वेळा डोळा उगवला खरा, पण अवजारांची पेटी एकाच पूर्वजाकडून मिळालेली. दुसऱ्या ग्रहावर ती पेटी नाही. तुमची समांतर उत्क्रांतीची सगळीच्या सगळी उदाहरणं एकाच घरातली आहेत.

राहिला मेंदू आणि हात. न्यूझीलंड आठ कोटी वर्षं सुटं पडलेलं बेट, माणूस पोचला तेव्हा तिथे वटवाघळं सोडली तर जमिनीवर सस्तन नव्हतेच, सगळी मोक्याची जागा पक्ष्यांना मोकळी. मोआ झाला, किवी झाला, राक्षसी गरुड झाला. यान बांधणारं काही झालं नाही, त्या दिशेला निघालेलंही काही दिसत नाही. वाट ठरलेली असती तर कोणीतरी चार पावलं चाललं असतं.

*

खडकफोड्या:

दोघांचंही वाचलं. मला वाटतं तुम्ही दोघंही जरुरीपेक्षा जास्त खात्रीने बोलताय. आपल्याकडे जीवसृष्टीचा नमुना एकच आहे. एका नमुन्यावरून शक्य काय आणि अशक्य काय हे ठरवायचं कसं?

कॅनडातल्या बर्जेस शेल या खडकांचं उदाहरण देतो, तिथले जीवाश्म साधारण ५० कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचे. १९७२ मध्ये हॅरी व्हिटिंग्टन यांनी पुराजीवशास्त्रज्ञांच्या सभेत ओपाबिनियाची पुनर्रचना दाखवली. डोक्यावर पाच डोळे, तोंडासमोर लांब नळीसारखी सोंड आणि सोंडेच्या टोकाला काटेरी चिमटा. सभागृह हसलं. जाणकारांचं सभागृह बरं का, ज्यांचा जन्म असल्याच गोष्टी बघण्यात गेला ते लोक. आणि दुसरं, हॅलुसिजेनिया. १९७७ मध्ये त्याचं वर्णन केलं तेव्हा ते काट्यांवर चालणारं आणि पाठीवर मऊ नळ्या असलेलं जनावर म्हणून केलं गेलं, पुढे चीनमधले जीवाश्म मिळाल्यावर कळलं की ते उलटं धरलं होतं, काटे पाठीवर आणि नळ्या म्हणजे पाय. हे वर्णन करणारे कोण, तर वर ज्यांचं नाव आलंय तेच कॉनवे मॉरिस. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, त्यांच्यासारख्या माणसाला आपल्याच ग्रहावरच्या, आपल्याच समुद्रातल्या प्राण्याचं वर कुठलं आणि खाली कुठलं हे कळायला अवघड गेलं इतकंच सांगायचंय.

मग कथालेखकाला आपण कुठल्या तोंडाने सांगायचं की तुझा एलियन शक्य नाही? मी तर म्हणतो त्याला मोकळं सोडा. विचित्र वाटणं हा पुरावा होऊ शकत नाही. खरोखर जगून गेलेले प्राणी जर आपल्याला अशक्य वाटत असतील तर आपल्या वाटण्याला किंमत काय?

*

गांधीलमाशी:

@खडकफोड्या, फार सुंदर उदाहरणं दिलीत, आणि ती दोन्ही मला माझ्या बाजूची वाटतात. हॅलुसिजेनिया सरळ झाला तो कशामुळे? त्याचे नातेवाईक सापडले म्हणून. आज तो मखमली कृमींच्या (मऊ पायांचे अळीसारखे प्राणी) बाजूला बसतो, ओपाबिनिया संधिपादांच्या बुंध्याजवळ बसतो. जोवर एकटा होता तोवर वेडगळ वाटत होता, कुळ सापडलं आणि अर्थ लागला. विचित्र नको असं मी कुठेच म्हटलेलं नाही.

*

खडकफोड्या:

हो पण तुम्हाला ते कुळ शोधायला अख्खा ग्रह हाताशी होता, शंभर वर्षं होती. कथेत यान उतरतं, दार उघडतं, त्यातून एकच प्राणी बाहेर येतो. वाचकाला त्याच्या मखमली कृमी कोण दाखवणार? माणूस उद्या दुसऱ्या ग्रहावर उतरला तर तिथल्या लोकांना आपल्या खांद्यावरून टिक्टालिक दिसणार आहे का?

*

गांधीलमाशी:

टिक्टालिक दिसणार नाही पण त्या माणसाच्या पापणीच्या मुळाशी माइट नावाचे बारीक जीव राहतात, त्याच्या आतड्यात जिवाणू आहेत, त्याला माकडहाड आहे, अक्कलदाढ दुखते, घास आणि श्वास एकाच घशातून जातात म्हणून ठसका लागतो. तिथला हुशार डॉक्टर एवढ्यावरून म्हणेल की हे जनावर कधीतरी शेपटीवालं होतं, याचा जबडा पूर्वी मोठा होता, आणि याची रचना कोणी एकदम बसून केलेली नाही, जुन्यावर नवं चढवत आणलीय. यान भलेही एकट्याला घेऊन येऊ दे, अंग एकटं कुठे असतं.

*

रसायनवाला:

मी रसायनशास्त्राच्या बाजूने थोडं लिहितो कारण अवयव किती वगैरे फार पुढची गोष्ट झाली, आधी ते जनावर जगतं कशावर ते सांगा.

सिलिकॉनचे एलियन लोकांना आवडतात. पण पृथ्वीच्या कवचात वजनाने २८ टक्के सिलिकॉन आहे आणि कार्बन अर्धा टक्काही नाही, तरी इथल्या जीवसृष्टीने कार्बनच उचलला. कार्बन जळला की वायू होतो, श्वासातून निघून जातो. सिलिकॉन जळला की वाळू होते. प्रत्येक पेशीतून वाळू बाहेर टाकायची व्यवस्था लेखकाने दाखवली तर मी ऐकायला तयार आहे.

आणि आता आपल्या सगळ्यांच्या लाडक्या 'जादू' नावाच्या एलियनकडे येऊ. 'कोई मिल गया' (२००३) आला तेव्हा मी शाळेत होतो आणि मला जादू अतिशय आवडला होता, अजूनही आवडतो, म्हणूनच त्याचं गणित मांडून बघितलं. त्याला ऊन मिळालं की शक्ती येते. महाराष्ट्रात एका चौरस मीटरवर दिवसाला साधारण ५ युनिट ऊन पडतं असं धरा. पिकं त्यातलं एक ते दोन टक्के अन्नात साठवतात. दोन टक्के धरले तर एका चौरस मीटरमधून दिवसाला ८६ किलोकॅलरी, म्हणजे एक पोळी. मोठ्या माणसाला दिवसाला २००० लागतात, म्हणजे तेवीस चौरस मीटर कातडी उन्हात पसरावी लागेल. झाडं चपटी आणि पसरलेली का असतात आणि एका जागी उभी का असतात हे यावरून कळतं. बुटक्या, गोल डोक्याच्या, कपडे घालून हिंडणाऱ्या प्राण्याला हे परवडणार नाही. ऊन खाणारा एलियन लिहायचाच तर तो पानासारखा लिहा.

*

चौथी_मिती:

@रसायनवाला, गणित आवडलं पण तुम्ही त्यात माणूस घातलात. जादू थंड रक्ताचा धरा. त्याच वजनाच्या सस्तनाला जेवढं लागतं त्याच्या साधारण दहावा हिस्सा सरपटणाऱ्या प्राण्याला पुरतो. जादू लहानखुरा, वीसेक किलो धरला तर सत्तरच्या आसपास किलोकॅलरीत त्याचा दिवस निघेल. अंगाची उन्हाकडची बाजू अर्धा चौरस मीटर जरी धरली तरी तुमच्याच दोन टक्क्यांनी चाळीसेक मिळतात. आणि दोन टक्के ही पृथ्वीवरच्या पानांची मर्यादा आहे, छतावरचं सोलर पॅनेल वीस टक्के काढतं, मग दुसऱ्या ग्रहावरच्या रसायनाने पाच टक्के काढले तर अशक्य काय? शिवाय ऊन गेलं की तो मलूल पडतो, जे सिनेमात दाखवलंय, ते तर सरड्याशी अगदी जुळतं.

*

रसायनवाला:

शरीराचं जमलं, मेंदूचं नाही. आपला मेंदू वजनाने दोन टक्के आणि खर्चाला वीस टक्के, म्हणजे दिवसाला चारशे किलोकॅलरी एकटा मेंदू खातो. थंड रक्ताचा आणि तरीही तेवढा हुशार, हे दोन्ही एकदम हवं असेल तर त्याच्या मेंदूचं कामच आपल्यापेक्षा खूप स्वस्तात चालायला हवं, ते कसं हे सांगावं लागेल. पण तुमचा प्रतिसाद वाचून एक मान्य करतो, थंड रक्ताचा, दुपारी तल्लख आणि संध्याकाळी मंद होत जाणारा हुशार प्राणी, ज्याचे सगळे महत्त्वाचे निर्णय उन्हात घेतले जातात, ही कथा कोणीतरी लिहायला हवी. लिहा कोणीतरी.

*

रात्रपाळी:

वरचे प्रतिसाद वाचून एक प्रश्न पडला. एच. जी. वेल्सच्या 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये (१८९८) मंगळावरचे लोक शेवटी पृथ्वीवरच्या जिवाणूंमुळे मरतात. मला तो शेवट फार ताकदीचा वाटतो. पण तुमच्या वंशाच्या हिशेबाने तो चूकच ना? आपले रोगजंतू आपल्या अंगाला सरावलेले, ते मंगळावरच्याला कसे लागतील?

*

गांधीलमाशी:

विषाणू लागणार नाहीत. विषाणूला पेशीतली यंत्रणा वापरावी लागते, आणि ती यंत्रणाच वेगळी असेल तर त्याला काही करता येणार नाही. पण जिवाणू आणि बुरशी यांचं तसं नसतं, त्यातल्या कितीतरींना फक्त कार्बन खायचा असतो. विमानाच्या इंधनात वाढणारी बुरशी आहे. जपानमध्ये प्लास्टिकच्या बाटल्यांचं पीईटी खाणारा जिवाणू सापडला, २०१६ मध्ये त्यावर शोधनिबंध आला, आणि ते प्लास्टिक आपण विसाव्या शतकात बनवलेलं, त्याच्याशी कोणाचं काही जुनं नातं नव्हतं. मंगळावरच्याचं अंग म्हणजे जिवाणूच्या दृष्टीने ओलं, उबदार, पहारा नसलेलं खाद्य. त्याच्या शरीराला आपला जिवाणू शत्रू आहे हे ओळखूच आलं नाही तर तो सडेल. त्यामुळे मला तो शेवट बऱ्यापैकी पटतो.

ज्या कथांमध्ये परजीवी एलियन पहिल्याच भेटीत माणसाच्या छातीत वाढतो त्या मात्र मला खटकतात. माझ्या गांधीलमाश्यांच्या भाऊबंदांमध्ये अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या हजारो जाती आहेत, कित्येक जणी अंड्याबरोबर विषाणू सोडतात आणि ते अळीची प्रतिकारशक्ती बंद पाडतात. पण यातल्या बऱ्याच जणी मोजक्याच जातींच्या अळ्यांवर बसतात, शेजारच्या झाडावरची अळी त्यांना चालत नाही. लाखो वर्षं एकाच कुलपावर काम करून ती किल्ली घडलीय. परग्रहावरून आलेल्याला माणसाची किल्ली कोणी दिली?

*

बुलढाण्याचा_वारा:

धागा उशिरा बघितला. मी लोणारजवळचा. आमचं सरोवर उल्कापाताच्या विवरात आहे, पाणी खारट आणि अल्कधर्मी, पीएच दहाच्या आसपास. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं तेव्हा गर्दी जमली, बातम्या आल्या, नंतर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितलं की रंग हॅलोआर्किया नावाच्या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा आहे. हे सांगायचं कारण, तुमच्या सगळ्या धाग्यात पाय आणि डोळे चाललेत. बाहेर कुठे जीव असलाच तर तो बहुधा असाच असणार, डोळ्याला नुसता रंग दिसेल एवढाच. विज्ञानकथेत असला एलियन का येत नाही?

आणि दुसरं, जीव इथून तिथे उडत गेला असेल तर वंशाचा मुद्दाच निकालात निघतो की. नारळीकर सर ज्यात होते त्या इस्रोच्या बलूनच्या प्रयोगात, हैदराबादहून सोडलेल्या, २० ते ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेतून जिवाणू मिळाले, त्यात तीन नव्या जाती निघाल्या, २००९ मध्ये जाहीर झालं, एकाचं नाव आर्यभटावरून, एकाचं इस्रोवरून, एकाचं फ्रेड हॉइल या खगोलशास्त्रज्ञावरून. ते बाहेरूनच आले असं इस्रोने म्हटलं नाही, पण शक्यता तर राहते. समजा सगळ्या ग्रहांवर एकाच बियाण्यातून पेरणी झालीय, मग माणसासारखे एलियन का नकोत? 'स्टार ट्रेक'नेही १९९३ च्या एका भागात हाच खुलासा दिला होता की एका प्राचीन जमातीने सगळीकडे बीज टाकलं.

*

चौथी_मिती:

+१. बियाणं एक आणि भौतिकशास्त्र एक, मग पीक सारखं येणारच.

*

गांधीलमाशी:

@बुलढाण्याचा_वारा, सूक्ष्मजीवांच्या कथांबद्दल शंभर टक्के सहमत, लोणारवर तुम्हीच लिहा, जवळ राहणाऱ्याने लिहिलेलं वेगळंच उतरतं.

पण बियाणं एक म्हणून पीक एक हे नाही पटत. स्टार ट्रेकमधल्या स्पॉकची आई माणूस आणि बाप व्हल्कन, म्हणजे परग्रहवासी. घोडा आणि गाढव इतके जवळचे, ६४ आणि ६२ गुणसूत्रं, तरी खेचराला ६३ येतात आणि त्याचा वंश जवळपास कधीच पुढे जात नाही. अब्जावधी वर्षं वेगळ्या ग्रहांवर वाढलेल्यांचं काय घेऊन बसलात.

आणि एका बियाण्याची पेरणी प्रत्यक्ष करून बघितलीय. रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये अमेरिकेत ई. कोलाय या जिवाणूच्या एकाच पूर्वजापासून बारा फ्लास्क सुरू केले, सगळ्यांना तेच अन्न, तेच तापमान, रोज थोडे नव्या फ्लास्कमध्ये. अन्नात सायट्रेट नावाचं एक द्रव्य भरपूर होतं, पण ऑक्सिजन असताना हा जिवाणू ते खाऊ शकत नाही. ३१,५०० पिढ्यांच्या आसपास एका फ्लास्कमधल्या जिवाणूंना ते खाता यायला लागलं. बारापैकी एका. मग त्यांनी गोठवून ठेवलेले जुने नमुने काढून पुन्हा पुन्हा चालवून बघितले, तर २०,००० पिढ्यांच्या अलीकडच्या नमुन्यांमधूनच ते पुन्हा घडायची शक्यता दिसली, म्हणजे आधी काहीतरी बारीकसं बदलून बसलेलं होतं जे दुसऱ्यांत झालंच नव्हतं. एकाच बीजातून, एकाच खोलीत, शेजारी शेजारी ठेवून ही तऱ्हा!

*

चौथी_मिती:

त्याच प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग तुम्ही सांगितला नाहीत. बाराच्या बारा फ्लास्कमध्ये जिवाणू आधीपेक्षा जलद वाढायला लागले आणि बाराही ठिकाणी पेशींचा आकार मोठा झाला. कोणी कोणाला न विचारता. मुख्य प्रवाह बारा ठिकाणी एकच होता, तुम्ही तेरावं आश्चर्य उचललंत.

*

गांधीलमाशी:

मोठे झाले, बरोबर, पण आत उघडून बघितलं तर बदललेली जनुकं बरीचशी तीच असली तरी नेमका बदल बहुतेक ठिकाणी वेगळा, कोणाचा इथे, कोणाचा तिथे. मी सुरुवातीपासून त्या आतल्याबद्दल बोलतेय. तुमचा दोन पायांचा, पुढे डोकं असलेला एलियन मी घेते, हरकत नाही, फक्त त्याची कातडी वर करून आत काय आहे ते मला दाखवा.

*

चौथी_मिती:

दाखवतो. दोन पाय, दोन हात, आणि छातीच्या फासळ्यांआड आणखी दोन आखडलेले, टोकाला चव घेणारे, जे तो फक्त अन्नावरून फिरवतो आणि परक्या माणसासमोर कधी बाहेर काढत नाही. तुमच्या त्या प्लेन टायगरवरून सुचलं. चालेल?

*

गांधीलमाशी:

चालेल. आता त्याच्या ग्रहावर ज्यांचे ते हात अजून पूर्ण वाढलेले आहेत असे दोन प्राणी सांगा, आणि त्यातला हा कोणाला खातो तेही.